फायरप्लेसच्या वर टीव्हीचा कोनाडा: आधी हवा मोजा, मग भिंत

फायरप्लेसच्या वर भिंतीत टीव्ही बसवायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा टेप उघडतात आणि टीव्हीची लांबी-रुंदी भिंतीवर आखायला लागतात. माझा आग्रह असतो की टेपच्या आधी थर्मामीटर हातात घ्या. हा कोनाडा दिसायला टीव्हीसाठी असतो, पण बांधायचा असतो तो हवेसाठी. खालून चढणारी गरम हवा टीव्हीला न शिवता पुढून निघून गेली पाहिजे आणि टीव्हीची स्वतःची ऊब त्याच्या पाठीमागे कोंडून राहता कामा नये. एवढं साधलं तर बाकीचं काम सुतार आणि वायरमनच्या नेहमीच्या हातातलं आहे. हे चुकलं तर चौकट कितीही सुबक केली तरी टीव्ही फार दिवस टिकत नाही.

फायरप्लेस कोणत्या जातीची आहे ते ओळखा

लाकूड जाळणारी, विटांनी बांधलेली फायरप्लेस असेल तर तिचं धुराडं बहुधा सरळ वर जातं, म्हणजे नेमकं जिथे तुम्हाला टीव्ही हवा आहे तिथूनच. त्या विटा खोदून कोनाडा करायचा नाही. अर्धी वीटसुद्धा काढायची नाही. धुराड्याची भिंत पातळ झाली की उष्णता, धूर आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू यांना घरात यायला वाट मिळते. अशा ठिकाणी एकच मार्ग उरतो: मूळ भिंतीच्या पुढे चौकटीची नवी भिंत उभी करायची आणि तिच्या जाडीत कोनाडा काढायचा. भिंत पुढे आली की चुलीसमोरचा दगडी ओटा तेवढाच कमी होतो, त्यामुळे ओटाही पुढे वाढवावा लागतो. या खर्चाचा आणि कष्टाचा हिशोब सुरुवातीलाच करा.

कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी आणि पत्र्याचं धुराडं असेल तर भिंतीच्या आत पोकळी असते. पण ही पोकळी म्हणजे मोकळी जागा नव्हे. अशा धुराड्याभोवती साधारण दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, मोकळी हवा ठेवायला बहुतेक उत्पादक सांगतात. ते अंतर उष्णता झिरपू न देण्यासाठी असतं. तिथे लाकूड नको, वायर नको आणि रॉकवूलही (दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर) कोंबायचं नाही. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो आणि तोच मानायचा. पुस्तिका हरवली असेल तर पेटीच्या आत किंवा खालच्या जाळीमागे धातूची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर सापडतो.

गॅसवर चालणाऱ्या डायरेक्ट व्हेंट प्रकारात एकात एक असे दोन पाइप असतात. आतल्यातून जळका वायू बाहेर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा आत येते. हा पाइप पेटीच्या पाठीमागून सरळ बाहेरच्या भिंतीत गेला असेल तर वरची जागा मोकळी मिळते. कोनाड्यासाठी ही सर्वांत चांगली स्थिती. इलेक्ट्रिक फायरप्लेसला धुराडंच नसतं, त्यामुळे ती सर्वांत सोपी. तिथे एकच गोष्ट बघायची: गरम हवा कुठून फेकली जाते? साधारण 1500 वॉटचा हीटर वरच्या ओठातून हवा सोडत असेल तर ती सरळ टीव्हीकडे चढते. खालून किंवा समोर दूर फेकणारं मॉडेल घेतलं की निम्मी चिंता मिटते.

उष्णतेची चाचणी

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक टीव्हीच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 0 ते 40 अंश सेल्सिअस दिलेलं असतं. हे टीव्हीभोवतीच्या हवेचं तापमान, भिंतीचं नाही.

तीन साधे थर्मामीटर घ्या. जिथे टीव्हीची खालची कड, मध्य आणि वरची कड येणार आहे तिथे भिंतीपासून दोन सेंटिमीटर पुढे ते टांगा. भिंतीला चिकटवले तर भिंतीची उष्णता मोजली जाईल, हवेची नाही. चौथा मिळाला तर तो मॅन्टलच्या, म्हणजे चुलीच्या तोंडावर बसवलेल्या, फळीवर ठेवा. मग तुम्ही कडाक्याच्या थंडीत पेटवता तशीच, पूर्ण आग पेटवा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहून ठेवा. किमान दोन तास, विटांची फायरप्लेस असेल तर तीन तास. विटा उशिरा तापतात आणि तापल्या की लवकर निवत नाहीत. पहिल्या तासात 29 अंश दिसले म्हणून लोक समाधानानं आग विझवतात, आणि खरा आकडा तिसऱ्या तासात दिसतो.

इन्फ्रारेड गन असेल तर तिनं भिंतीचा पृष्ठभागही बघा. एखाद्या जागी बाकीच्यापेक्षा बरंच जास्त तापमान दिसलं तर त्याच्यामागे धुराडं जवळ आहे असं समजा. गुळगुळीत चकचकीत फरशीवर ही गन चुकीचं वाचन देते. तिथे कागदी मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा.

माझा स्वतःचा नियम कडक आहे. टीव्ही नसताना तिन्ही ठिकाणी हवा 35 अंशांच्या आत राहिली तरच पुढे जायचं. 40 पर्यंत का नाही? कारण 55 इंची टीव्ही स्वतःही शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. ती कोनाड्यात भरणार आहे. तिच्यासाठी पाच अंशांची जागा आधीच राखून ठेवायची.

आकडा वर गेला तर निराश होऊ नका, मॅन्टलकडे बघा. गरम हवा भिंतीला चिकटून चढते. मध्ये फळी आली की ती फळीच्या कडेपर्यंत पुढे येते आणि तिथून भिंत सोडून वर जाते. फळी जितकी पुढे, तितका टीव्ही सुरक्षित. खऱ्या फळीआधी जाड सिमेंट बोर्डाचा तुकडा स्टॅंडवर धरून चाचणी पुन्हा करा, फरक लगेच कळेल. मात्र चुलीच्या तोंडापासून फळी किती उंचीवर आणि किती पुढे चालेल याचा तक्ता पुस्तिकेत असतो. लाकडी फळीला तो काटेकोर लागू होतो. जितकी पुढे, तितकी उंच. सगळं करूनही आकडा उतरला नाही तर टीव्ही दुसऱ्या भिंतीवर लावा. यात तडजोड नाही.

लाकूड जाळत असाल तर आणखी एक बघा. आग पेटवताना पहिल्या पाच मिनिटांत धूर खोलीत येतो का? येत असेल तर आधी धुराड्याचा ओढा, म्हणजे धूर वर खेचण्याची ताकद, सुधारून घ्या. काजळी पडद्यावर बसते आणि मागच्या जाळीतून आतही शिरते.

उंची: मान काय म्हणते

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 100 ते 110 सेंटिमीटरवर असतात. फायरप्लेसवरच्या टीव्हीचा मध्य बऱ्याचदा 165 सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे नजर 60 सेंटिमीटर वर न्यावी लागते. सोफा तीन मीटरवर असेल तर हा कोन सुमारे 11 अंशांचा होतो, दोन मीटरवर असेल तर जवळजवळ 17 अंशांचा. पंधराच्या पुढे गेलात तर दोन तासांच्या सिनेमानंतर मान बोलायला लागते. छोट्या खोलीत म्हणूनच हे काम जमत नाही, भिंत कितीही सुंदर असली तरी.

पुठ्ठ्याचा खोका फाडून टीव्हीच्या मापाचा तुकडा कापा आणि भिंतीवर चिकटवा. 55 इंची पडदा 122 बाय 68.5 सेंटिमीटरचा असतो, 65 इंची 144 बाय 81 चा. आठवडाभर तो पुठ्ठा तसाच राहू द्या. घरातला सर्वांत बुटका आणि सर्वांत उंच माणूस, दोघांनाही बसवून विचारा. खाली ओढता येणारं ब्रॅकेट हा एक उपाय आहे, पण त्यानं टीव्ही चुलीच्या तोंडासमोर येतो. आग चालू असताना ते वापरायचंच नाही, आणि तो नियम घरातल्या मुलांना पाळायला लावणं सोपं नाही. मी त्यापेक्षा कोनाडा शक्य तितका खाली घेतो आणि पडदा थोडा पुढे झुकेल असं ब्रॅकेट लावतो.

मापं काढताना

टीव्हीच्या पुस्तिकेत चारी बाजूंना किती मोकळी जागा हवी ते लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ते 10 सेंटिमीटर असतं, काहींना वरच्या बाजूला त्याहून अधिक लागतं. पडद्याभोवतीच्या पट्टीसकट 123 बाय 71 सेंटिमीटर भरणाऱ्या टीव्हीला म्हणजे 143 बाय 91 चा कोनाडा झाला. ग्राहक इथे हमखास थबकतात, एवढी फट वाईट दिसेल म्हणतात. कोनाड्याच्या आत गडद राखाडी किंवा काळा मॅट रंग द्या. संध्याकाळच्या उजेडात ती फट डोळ्यांना दिसतच नाही, आणि पुढे कधी मोठा टीव्ही घेतलात तर थोडी जागाही हाताशी असते. टीव्हीच्या मापाला घट्ट बसणारी चौकट फोटोत छान दिसते, पण तिच्यात हवा फिरत नाही.

कोनाडा किती खोल हवा त्याचा हिशोब असा. टीव्हीची जाडी सहा सेंटिमीटर, सपाट ब्रॅकेट तीन सेंटिमीटर, झाले नऊ. त्यात केबलच्या प्लगला वळायला जागा हवी. टीव्हीचे पोर्ट मागे सरळ असतील तर नुसता प्लगच चार-पाच सेंटिमीटर खातो, बाजूला असतील तर प्रश्न नाही. 89 मिलिमीटर खोल उभ्या बत्त्यांच्या (चौकटीच्या उभ्या दांड्यांच्या) भिंतीत, पुढचा आणि मागचा बोर्ड धरून, जेमतेम 9 सेंटिमीटर आत मिळतात. 140 मिलिमीटरचे बत्ते घेतले तर 13-14 मिळतात. नवी भिंत बांधतच असाल तर दुसरा पर्याय घ्या, नंतर हळहळ नको.

भिंत उघडणं आणि चौकट

आधी मुख्य स्विच बंद, टेस्टरनं खात्री, मग करवत. घर जुनं असेल तर बोर्ड, गिलावा आणि धुराड्याभोवतीचं आवरण कापण्याआधी तपासून घ्या. जुन्या बांधकामात तिथे ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांसाठी फार वाईट. पहिलं छिद्र हाताच्या पंज्याएवढंच करा आणि मोबाइलचा दिवा लावून आत फोटो काढा. धुराडं, गॅसची नळी, वायरी, आडवे तुकडे, सगळं कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढे कापू नका.

भिंतीतले उभे बत्ते मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 40 किंवा 60 सेंटिमीटरवर असतात. 143 सेंटिमीटरचा कोनाडा म्हणजे दोन ते चार बत्ते कापावे लागणार. ती भिंत वरचा भार पेलत असेल तर कापलेल्या बत्त्यांच्या वर दुहेरी आडवी तुळई आणि दोन्ही बाजूंना तिला टेकू देणारे जादा बत्ते लागतात. हे इंजिनिअरला दाखवूनच करा. भार नसेल तर वर एक आणि खाली एक आडवा तुकडा पुरतो. मी धुराडं असलेल्या पोकळीत लाकडाऐवजी पत्र्याचे सेक्शन वापरतो. ते जळत नाहीत आणि उष्णतेनं वाकडेही होत नाहीत.

चौकट बसवताना गुण्या आणि ओळंबा दोन्ही वापरा. काटकोन दोन सूत जरी हुकला तरी टीव्हीच्या सरळ कडेशेजारी ते रोज डोळ्यात खुपतं. कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे.

आता कोनाड्याच्या छताकडे या. ते सपाट ठेवू नका. मागून पुढे येताना दीड ते दोन सेंटिमीटर वर चढेल असं तिरकं करा. टीव्हीमागची गरम हवा वर जाऊन छताला लागते. छत सपाट असेल तर ती तिथेच घोटाळते, पुढे चढतं असेल तर घसरत खोलीत निघून जाते. टीव्हीसमोर उभं राहिलं तर हा उतार दिसत नाही, पण हात वरच्या फटीशी नेला की हवेची हलकी झुळूक लागते.

पाठ आणि बाजू मात्र पूर्ण बंद पाहिजेत. कोनाडा आणि धुराड्याची पोकळी यांच्यामध्ये एकही भोक नको. पोकळीतली हवा कोनाड्यातल्यापेक्षा गरम असते आणि फट मिळाली की ती टीव्हीच्या पाठीवरच येते. मागे 12 मिलिमीटरचा सिमेंट किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड लावा. त्याच्यामागे, धुराड्याचं मोकळं अंतर सोडून, रॉकवूल बसवता येतं. पोकळीला खाली आणि वर जाळ्या ठेवायला पुस्तिकेत सांगितलं असेल तर त्या बुजवू नका.

ब्रॅकेट जिथे येणार तिथे बोर्डामागे आधार आत्ताच बसवा. टीव्ही 20 किलोचा असला तरी बाहेर ओढायचा आर्म लावलात तर हिशोब बदलतो. आर्म 50 सेंटिमीटर बाहेर आला आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट 25 सेंटिमीटरवर असतील, तर वरच्या बोल्टवर भिंतीतून उपटून काढणारा 40 किलोचा ओढा येतो. पातळ पत्र्याच्या सेक्शनमध्ये स्क्रू तेवढं धरत नाही. तिथे जाड पोलादी पट्टी दोन-तीन बत्त्यांना आडवी जोडून घ्या.

वीज आणि केबल

टीव्हीची लवचीक पॉवर केबल भिंतीत गाडायची नाही. ती त्यासाठी बनलेली नसते. कोनाड्यातच मागे खोल बसणारा सॉकेट घ्या, म्हणजे प्लग टीव्हीला अडत नाही. त्याची वायर भिंतीत टाकण्याच्या दर्जाची हवी आणि धुराड्यापासून लांबून आलेली. हे वायरमनकडूनच करून घ्या.

सिग्नलच्या केबलसाठी वेगळा पाइप टाका, किमान 40 मिलिमीटरचा, शक्य असेल तर 50 चा. एचडीएमआयचं टोक प्लास्टिकसकट दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं आणि बारीक पाइपच्या कोपऱ्यात ते अडकतं. वळणं मोठी ठेवा, काटकोनी एल्बो नको. पाइपमध्ये नायलॉनची दोरी टाकून ठेवा आणि केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढा. माझ्या एका जुन्या कामात मी केबल नुसती बोर्डामागे सोडली होती. दीड वर्षात ती बिघडली आणि दगडी तुकड्यांनी मढवलेली भिंत फोडावी लागली. तेव्हापासून पाइपशिवाय मी एकही भिंत बंद केलेली नाही.

सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल वगैरे कोनाड्यात ठेवू नका, तीही गरम होतात. बाजूच्या कपाटात ठेवा. अंतर पाच मीटरच्या वर गेलं तर साध्या तांब्याच्या एचडीएमआयवर 4के चित्र लपलपायला लागू शकतं, तिथे ऑप्टिकल केबल घ्या. तिला दिशा असते. एक टोक बॉक्सकडे आणि दुसरं टीव्हीकडे असं छापलेलं असतं, ते ओढण्याआधी वाचा. एक इथरनेट केबलही टाकून ठेवा. विजेची वायर आणि सिग्नलचा पाइप शेजारी-शेजारी नेऊ नका, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. पाइप कोनाड्यात शिरतो तिथली फट आगरोधक सीलंटनं भरा.

साउंडबार मॅन्टलवर ठेवायचा बेत असेल तर तो चौथा थर्मामीटर आठवा. चढणारी गरम हवा फळीच्या पुढच्या कडेवरूनच वर जाते. मी साउंडबार टीव्हीच्या खाली, कोनाड्याच्या आतच घेतो आणि त्याची उंची मूळ मापात धरतो.

बंद करणं आणि टांगणं

बोर्ड लावण्याआधी उघड्या चौकटीचे फोटो काढा, टेप आडवा धरून, म्हणजे प्रत्येक बत्ता आणि पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळेल. पुढे खिळा ठोकायचा असेल तेव्हा हे फोटो कामाला येतात.

चुलीच्या तोंडाभोवती न जळणारा बोर्ड, त्याच्या वर पुस्तिकेत परवानगी असेल तिथून जिप्सम बोर्ड. फरशी किंवा दगड लावणार असाल तर उष्णता सोसणारा ॲडहेसिव्ह घ्या. पुट्टी आणि रंग आपोआप, पूर्ण वाळू द्या. लवकर वाळावं म्हणून आग पेटवली की सांध्यांना हमखास तडे जातात.

टीव्हीच्या मागच्या भोकांचा पॅटर्न आधी बघा, 200 बाय 200, 400 बाय 400 अशी मापं असतात, आणि ब्रॅकेट त्याच मापाचं घ्या. आधी सगळ्या केबल टीव्हीला जोडा, मग टांगा, कारण कोनाड्यात नंतर हात मागे जात नाही. दोन माणसांनी उचलायचा, पडद्यावर बोटं न दाबता, खालची कड धरून.

मग पुन्हा थर्मामीटर. एक टीव्हीच्या पाठीमागे, एक वरच्या फटीत, एक खालच्या कडेशी. टीव्ही चालू आणि आगही पूर्ण, दोन-तीन तास. पाठीमागे 40 च्या आत आकडा स्थिरावला तर काम झालं. 38-39 वर रेंगाळत असेल तर वरच्या फटीच्या कोपऱ्यात कमी आवाजाचा छोटा पंखा लावता येतो, हवा खोलीकडे फेकणारा. मागचा थर्मामीटर पहिला हिवाळा संपेपर्यंत तिथेच राहू द्या, आणि दर महिन्याला वरच्या फटीतली धूळ व्हॅक्यूमनं ओढून काढा.